पालीची अंडी आणि थर्माकोलचा खोका

नाशिकजवळच्या घोटी परिसरात भाताची लावणी सुरू होते, त्याच सुमाराला सरड्यांचीही घाई चाललेली असते. दोन-चार दमदार पाऊस होऊन बांधाची माती भुसभुशीत झाली की मादी जागा हेरते. पुढच्या पायांनी उकरते, मागच्यांनी माती लोटते, मध्येच थांबून मान वर करून इकडेतिकडे बघते आणि पुन्हा उकरायला लागते. खड्डा मनासारखा झाला की त्यात दहा-वीस पांढरी, लांबट अंडी घालते, माती सारून तो बुजवते आणि तोंडानं ठोकून ठोकून माती दाबते. मग निघून जाते ती कायमची. साधारण सहा-सात आठवड्यांनी पिलं आपली आपण माती उकरून वर येतात.

पाऊसच लांबला तर? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी आपल्या या साध्या सरड्याच्या प्रजननाचा अनेक वर्षं पिच्छा पुरवला. ओली जागा मिळाली नाही तर मादी तयार झालेली अंडी पोटातच धरून ठेवते, असं त्यांना दिसलं. कधी आठवडे, कधी महिने. तोवर आतल्या भ्रूणाची वाढही एका टप्प्यावर थबकते. सरड्याच्या आईची सगळी हुशारी अंडं कुठं आणि कधी ठेवायचं, यातच खर्ची पडते. एकदा ठेवल्यावर तिचा त्याच्याशी काही संबंध उरत नाही.

पाळीव पालींची अंडी घरात उबवणाऱ्याला तिच्या वाट्याचं हेच काम करायचं असतं. मुंबई-पुण्याकडचा हा छंद आता नाशिकपर्यंत आला आहे, आणि घोटी काही नाशिकपासून लांब नाही. बिबट्यासारख्या ठिपक्यांची लेपर्ड गेको, ऑस्ट्रेलियाची काटेरी दाढीवाली बिअर्डेड ड्रॅगन, दक्षिण अमेरिकेतली हिरवी इग्वाना हे त्यातले नेहमीचे मानकरी. घरात नर-मादीची जोडी असली की आज ना उद्या अंडी दिसतातच. मग धावपळ सुरू होते आणि पहिली चूक होते ती कोंबडीच्या हिशेबानं.

अंडी उबवायची म्हटलं की आपल्याला खुडूक कोंबडी आठवते. टोपलीत भुसा, त्यावर रवण, वर कोंबडी, एकवीस दिवस. कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस-अडतीस अंश सेल्सिअस लागतं आणि ते दिवसातून अनेकदा फिरवावं लागतं, नाहीतर भ्रूण कवचाला चिकटतो. पालीच्या अंड्याचं नेमकं उलटं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत भ्रूण वरच्या बाजूला जागा धरतो आणि तिथेच कवचाच्या आतून त्याच्या श्वासासाठी रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं. त्यानंतर अंडं उलटलं तर जाळं तुटू शकतं किंवा भ्रूण बलकाखाली दबून मरू शकतो. म्हणून जाणते लोक अंडं सापडलं त्याच बाजूवर उचलतात आणि वर शिसपेन्सिलीनं हलकी खूण करून ठेवतात. तापमानही कोंबडीचं चालत नाही. अडतीस अंशांच्या पोल्ट्रीच्या यंत्रात गेकोची अंडी ठेवली तर पिलू मिळत नाही, अंडं शिजतं.

कवचातही फरक आहे. ट्यूबलाइटच्या पट्टीमागे किंवा तसबिरीच्या मागे घरातली पाल दोन टणक, खडूसारखी गोल अंडी ठेवून जाते. त्या कवचात चुन्याचं प्रमाण इतकं असतं की अंडं स्वतःचं पाणी स्वतःजवळ राखतं, भिंत कोरडी असली तरी त्याचं अडत नाही. लेपर्ड गेको नावानं आणि रूपानं पालच, पण तिचं घराणं वेगळं. डोळ्यांना पापण्या असलेलं. तिची अंडीही दोनच, पण मऊ, चामडी. ती भोवतीच्या मातीतून पाणी शोषून घेतात, फुगतात, वजनाला वाढतात. कोरडं पडलं की खोलगट होतात, फार ओलं झालं की आतला जीव गुदमरतो. घरी उबवण्याची बहुतेक कसोटी लागते ती या मऊ अंड्यांपाशी.

प्रत्यक्ष कृती मात्र लोक समजतात तितकी अवघड नाही. नाशिक जिल्ह्यात एक सोयही आहे. द्राक्षं, भाजीपाला आणि पॉलीहाउसच्या निमित्तानं कोकोपीट, परलाइट, व्हर्मिक्युलाइट या वस्तू रोपवाटिकेच्या सामानात मिळतात. पालींची अंडी उबवणारे जगभर बहुतेक व्हर्मिक्युलाइट किंवा परलाइटच वापरतात. पाणी कालवून मूठ घट्ट आवळली की गोळा व्हावा, पण बोटांमधून थेंब गळू नये, इतका ओलावा. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात तो थर पसरायचा, अंगठ्यानं खळगा करून अंडं निम्मं बुडेल असं ठेवायचं, डब्याला दोन-चार बारीक भोकं पाडायची. हा डबा थर्माकोलच्या खोक्यात ठेवायचा. खोक्याच्या तळाशी पाणी, पाण्यात माशांच्या टाकीचा, थर्मोस्टॅटवर चालणारा हीटर आणि वर जाळीवर डबा, ही जुनी आणि चालणारी रचना. फक्त झाकण थोडं तिरकं असावं, म्हणजे वाफेचे थेंब डब्यावर न पडता कडेनं ओघळतात. तापमापकाची तार अंड्याच्या शेजारी हवी, खोक्याच्या भिंतीला नको. दोन्हीकडच्या आकड्यांत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. आणि हे सगळं अंडी येण्याच्या आधी काही दिवस रिकामं चालवून बघायला हवं. एवढंच बहुतेक जण करत नाहीत.

पावसाळ्यात घोटीत वीज जाणार, ही भीती इथल्या माणसाला पहिल्यांदा वाटते. इगतपुरी तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेव्हा ती वाटणं साहजिकच आहे. पण अंडी सहसा वीज गेल्यामुळे मरत नाहीत. काही तास गारवा लागला तर भ्रूणाची वाढ मंदावते, एवढंच. मरतात ती थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला आणि पारा पस्तिशीच्या वर चढला म्हणून. त्यामुळे दोन पैसे जास्त घालायचेच असतील तर इन्व्हर्टरऐवजी दुसऱ्या, स्वतंत्र थर्मोस्टॅटवर घालावेत.

आठवड्या-दीड आठवड्यानं अंधारात मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या कडेला धरायचा, अंडं न उचलता. अंडं जिवंत असेल तर आत गुलाबी झाक आणि कोळ्याच्या पायांसारख्या तांबड्या रेषा दिसतात. फोल अंडं पिवळंधमक, सारखं उजळतं. फोल अंड्यावर बुरशी लवकर चढते. पण बुरशी दिसली म्हणून लगेच फेकू नये, चांगली अंडीही थोडी बुरशी पचवतात. शेवटच्या दिवसांत अंडं खोलगट व्हायला लागलं की नवखे लोक घाबरून पाणी शिंपडतात. ते बहुधा पिलू बाहेर यायची वेळ झाल्याचं लक्षण असतं. पिलाच्या वरच्या जबड्यावर कवच फाडायला दात असतो. इतर सरड्यांना एक, गेकोंना दोन. चीर पडल्यावर पिलू नाक बाहेर काढून तासन्‌तास, कधी दिवसभरही बसून राहतं आणि उरलेला बलक पोटात ओढून घेतं. तिथे चिमटा घेऊन मदतीला धावणाऱ्या माणसानं पिलू बाहेर काढलं, तर बलकाची पिशवीही सोबत बाहेर येते आणि पिलू जातं.

इथवर झाली ती कारागिरी. तापमानाचा खरा प्रताप याहून मोठा आहे.

१९६६ मध्ये सेनेगलची राजधानी डाकार इथे मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेनं आगामा जातीच्या सरड्याची अंडी वेगवेगळ्या तापमानात ठेवली. थंडीत ठेवलेल्यांतून जवळजवळ सगळ्या माद्या निघाल्या, उबेत ठेवलेल्यांतून नर. तिनं छोटंसं टिपण छापलं आणि पुढची कित्येक वर्षं कुणी फारसं लक्ष दिलं नाही. अपत्याचं लिंग गुणसूत्रांवर ठरतं, हे तेव्हा इतकं पक्कं मानलं जात होतं की ते हवेवर ठरतं असं म्हणणाऱ्याचं ऐकणार कोण! पुढे कासवं, सुसरी-मगरी, अनेक पाली यांच्यात तेच दिसलं. लेपर्ड गेकोचा हिशेब आता चांगला माहीत आहे. सव्वीस अंशांच्या आसपास जवळजवळ सगळ्या माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर, आणि चौतीसवर पुन्हा बहुतेक माद्या. टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या माद्या पुढे वाढवून पाहिल्या. जास्त उबेतल्या माद्या नरासारख्या भांडखोर निघतात. मुदतही तापमानावरच, उबेत दीड महिना, गारव्यात दोन महिने किंवा जास्त. थर्मोस्टॅटचं बटण फिरवणारा माणूस पिलाची जन्मतारीख, लिंग आणि थोडाफार स्वभावसुद्धा ठरवत असतो, बहुतेक वेळा नकळत.

भारतात हा विषय मगरीनं गाजवला. चेन्नईजवळच्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रॉम व्हिटेकर यांनी आपल्या गोड्या पाण्यातल्या मगरीची अंडी तपासली आणि १९८९ मध्ये निष्कर्ष छापले. अठ्ठावीस ते एकतीस अंशांत सगळ्या माद्या, साडेबत्तीसला नर. दीड अंशानं सगळं चित्र पालटतं. आणि आपला बांधावरचा सरडा? त्याचं प्रकरण आणखी विचित्र आहे. धारवाड आणि बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये मांडलं की त्याची अंडी तापमान वाढवत नेलं तर आधी माद्या, मग नर, मग पुन्हा माद्या, पुन्हा नर अशी चार टप्प्यांची उलटापालट दाखवतात. ज्याला आपण कुंपणावरचा म्हणून हिणवतो, त्याचं गणित परदेशातून आणलेल्या कुठल्याही महागड्या पालीपेक्षा गुंतागुंतीचं निघालं.

बिअर्डेड ड्रॅगन हा दोन्ही दगडांवर पाय ठेवून असलेला प्राणी. त्याचं लिंग गुणसूत्रं ठरवतात, पण बत्तीस अंशांच्या वर उबवलं तर गुणसूत्रांनी नर असलेली पिलंही मादी होऊन बाहेर येतात. ऑस्ट्रेलियाच्या रानातही अशा माद्या सापडल्या आहेत आणि त्या अंडीही देतात. त्याच देशाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडच्या हिरव्या कासवांच्या पिलांमध्ये नव्याण्णव टक्के माद्या असल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा हवामानबदलाच्या चर्चेत वाळूच्या तापमानाचा विषय एकदम पुढे आला.

आई स्वतः ऊब देते अशी उदाहरणं सरपटणाऱ्यांत थोडी. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून स्नायू थरथरवते आणि अंग तापवते. बंगालमध्ये हे पाहिलेल्या लामार-पिको या फ्रेंच निसर्गप्रेमीनं १८३२ मध्ये ते सांगितलं, तर विद्वानांनी त्याची टरच उडवली. नऊ वर्षांनी पॅरिसच्या प्राणिसंग्रहातल्या अजगरानं अंडी घातली, तापमापक लावला गेला आणि टर उडवणाऱ्यांना गप्प बसावं लागलं. आपली घोरपड निराळी युक्ती करते. ती बऱ्याचदा वारुळात अंडी पुरते. वाळवी आपल्या घरासाठी ऊब आणि ओल सांभाळते, ती घोरपडीच्या अंड्यांना आयती मिळते. तिची अंडी फुटायला पाच ते आठ महिने लागतात. इतका काळ थर्माकोलचा खोका कुणी सांभाळून दाखवावा.

महाराष्ट्रात अंडी उबवण्याचा सर्वांत मोठा आणि शिस्तीचा अनुभव पालींचा नाहीच, तो समुद्री कासवांचा आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरे यांच्या पुढाकारानं २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. माणसं आणि कोल्हे-कुत्री अंडी पळवायची, म्हणून ती काही तासांत उचलून कुंपणाच्या आतल्या वाळूत, मूळ घरट्याएवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. हीटर नाही, खोका नाही. पिलं निघाली की समुद्राकडे सोडतात. तिथे शिकण्यासारखं काय, तर मूळ जागेची शक्य तितकी नक्कल आणि कमीत कमी हात लावणं. सर्पमित्रही हेच करतात. पाया खणताना किंवा उकिरडा उपसताना नागाची, धामणीची, दिवडाची अंडी निघाली की ती त्याच मातीसकट बादलीत घेऊन, वनखात्याला कळवून, सावलीत ठेवली जातात आणि पिलं जवळच्या रानात सोडली जातात. मात्र अंडी नुसती उघडी पडली असतील तर माती परत लोटून चार दिवस काम बाजूला करणं हाच पुष्कळदा उत्तम उपाय असतो. फोटो काढण्याच्या हौसेपायी जी अंडी बादलीत जातात, त्यांच्याबद्दल सर्पमित्रांनीच आपसांत स्पष्ट बोललं पाहिजे.

कायद्याचं या बाबतीतलं म्हणणं फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांची अंडीसुद्धा 'प्राणी' याच व्याख्येत येतात. त्यांची अंडी फोडणं, अंडी किंवा घरटं विस्कटणं हे 'शिकार' या शब्दाच्या अर्थात धरलेलं आहे. घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिच्या बाबतीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. तेव्हा वारूळ फोडून सापडलेली अंडी 'घरी उबवून बघू' म्हणून आणणारा माणूस हौशी नसतो, कायद्यापुढे शिकारी असतो.

परदेशी प्राण्यांचा रस्ता वेगळा आहे आणि तो गेल्या काही वर्षांतच आखला गेला. २०२० च्या जूनमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं परदेशी प्राणी स्वेच्छेनं जाहीर करायला सहा महिन्यांची मुदत दिली होती. २०२२ च्या दुरुस्तीनं कायद्यात चौथी अनुसूची आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारातल्या जाती तिच्यात आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी अशा प्राण्यांची नोंदणी परिवेश पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करणं सक्तीचं झालं. हिरवी इग्वाना त्या यादीत येते. नोंद फक्त पाळलेल्या प्राण्यापुरती नाही, पिलं झाली तर त्यांचीही कळवायची. खोक्यातलं अंडं फुटलं की सरकारदरबारी एक नवा प्राणी जन्मतो. सगळ्याच पाळीव पाली त्या यादीत नाहीत. म्हणून आपली जात कुठली, तिचं शास्त्रीय नाव काय आणि ती यादीत आहे का, हे दुकानदाराच्या तोंडी भरवशावर न सोडता आधी तपासावं. लेपर्ड गेकोच्या बाबतीत एक गोम आणखी आहे. तिची सख्खी भावकी, युब्लेफॅरिस फस्कस, आपल्या महाराष्ट्राच्या माळरानांवर राहते. दगडाखाली सापडलेली ती देखणी पाल 'विषारी' म्हणून मारली जाते किंवा 'दुकानातलीच आहे' म्हणून उचलली जाते. विषारी ती नाही. आपल्याकडची एकही पाल विषारी नाही. आणि रानातली पाल दुकानातल्या पालीच्या नावाखाली घरात आणणं म्हणजे कायद्यालाही चकवणं आणि रानालाही.

मला या सगळ्या प्रकरणात एकच प्रश्न खऱ्या अर्थानं अवघड वाटतो, आणि तो अंडी कशी उबवायची हा नाही. किती उबवायची, हा आहे. लेपर्ड गेकोची एक मादी हंगामात सहा-आठ वेळा, दर खेपेला दोन अंडी घालू शकते. इग्वाना एकाच वेळी वीस ते सत्तर. अंडी दिसली की माणसाला ती वाया घालवणं पाप वाटतं, म्हणून सगळी खोक्यात जातात. नंतर पंधरा पिलं पंधरा वेगवेगळ्या डब्यांत, कारण एकत्र ठेवली तर शेपट्या तोडतात. प्रत्येकाला रोज जिवंत किडे, त्यावर कॅल्शियमची भुकटी. पावसाळ्यात दिव्याखाली पडणारे पतंग गोळा करून भागेल असं घोटीत कुणाला वाटेल, पण भाताच्या शेतातून आलेल्या किड्यांवर फवारणीचा अंश असू शकतो, आणि पिलू त्यानं दगावू शकतं. घ्यायला कुणी मिळत नाही तेव्हा पिलं फुकट वाटली जातात, ज्यांना नको तेही ठेवून घेतात, आणि शेवटी धरणाच्या कडेला सोडून यायचा विचार येतो. लाल कानाच्या विदेशी कासवांचं आपल्या तळ्यांत असंच झालं. हौस संपली, कासवं पाण्यात.

म्हणून ज्या अंड्यांना आधीपासून घर ठरलेलं आहे तेवढीच ठेवावीत. बाकीची पहिल्या दिवशीच फ्रीजरमध्ये घालावीत. त्या वेळी भ्रूण इतका प्राथमिक असतो की वेदनेचा प्रश्नच येत नाही, आणि परदेशातले जबाबदार पाळणारे हेच करतात. आपल्याकडे हे बोलायला लोक कचरतात. नर-मादी वेगवेगळे ठेवणं त्याहून सोपं. पण मादीनं एकदा संग केला की ती पुढे कित्येक आठवडे, नर नसतानाही, सुफळ अंडी घालू शकते, तेव्हा 'आता वेगळी केली' म्हणून निर्धास्त राहता येत नाही. तिचं प्रत्येक खेपेला कॅल्शियम खर्ची पडतं. ते भरून निघालं नाही तर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात, अंडं आतच अडकतं. सरीसृपांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास नसेल, आणि तालुक्याच्या गावी बहुधा नसतोच, तर अंड्यांच्या खोक्याआधी लांबच्या एखाद्याचा पत्ता आणि फोन नंबर मिळवून ठेवावा.